सगळं प्लास्टिक एकाच डब्यात: सोय कुणाची, निस्तरायचं कुणी?

बोळकं (धागाकर्ती)

घरात भांडण झालंय, ते चव्हाट्यावर आणतेय.

विषय सिंगल स्ट्रीम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुनर्वापराला जाणारा सगळा कोरडा माल, म्हणजे कागद, पुठ्ठा, पत्र्याचे डबे, बऱ्याच ठिकाणी काचसुद्धा, आणि अर्थात प्लास्टिक, एकाच डब्यात टाकायचा. न्यायला गाडी एकच, तिला कप्पाही एकच. निवडानिवड पुढे वर्गीकरण केंद्रात होते. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात हे सुरू झालं, मग उरलेली अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन असं पसरत गेलं. याच्या दुसऱ्या टोकाला घरीच चारपाच डबे ठेवायची पद्धत. आणि मधली वाट म्हणजे दोन प्रवाह: कागद-पुठ्ठा एकीकडे, डबे-बाटल्या दुसरीकडे.

नवऱ्याचं म्हणणं, एकच डबा असला तर माणसं निदान टाकतात तरी. चार डबे ठेवले की पहिल्या आठवड्यात उत्साह आणि महिन्याभरात सगळं सरसकट कचऱ्यात. माझं म्हणणं, कंटाळा आपला आणि उस्तवार दुसऱ्यानं करायची, असा हा प्रकार आहे. तेलकट बाटली, रद्दी आणि फुटकी काच एकदा एकत्र घुसळली गेली की कुठलं यंत्र ती निस्तरणार?

कागदाचं आणि काचेचं काय होतं ते मला थोडंफार माहीत आहे (वाईट होतं). इथे फक्त प्लास्टिकबद्दल बोलू या. जाणकारांनी लिहा. लिंका चिकटवू नका, स्वतःच्या शब्दांत सांगा.

शंकासुर

बसलो मांडी घालून.

पहिली शंका माझीच. एका डब्यामुळे जास्त माल गोळा होतो हे खरं आहे की नुसतं गृहीत धरलंय?

सुतळीतोडा

खरं आहे. डबा मोठा, झाकणाचा, चाकांचा. विचार करायला लागत नाही. गोळा होणारं वजन वाढतंच. शिवाय गाडीच्या फेऱ्या कमी, माणसं कमी, यांत्रिक हातानं डबा उचलून ओतता येतो, त्यामुळे कामगारांच्या पाठी आणि खांदे वाचतात. हा शेवटचा फायदा कुणी मोजत नाही, पण दिवसभर टोपल्या उचलणाऱ्याला विचारा.

आता खोच. वजन मोजतात ते डब्यातलं. मोजायला हवं ते कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा वापरता येईल असा किती प्लास्टिकचा दाणा निघाला ते. अमेरिकेत या डब्यांतल्या साधारण दर चार वस्तूंपैकी एक तिथे असायलाच नको होती, असं त्या धंद्यातलेच लोक सांगत आले आहेत. म्हणजे गोळा झालं जास्त, त्यातला पाव हिस्सा फिरून फिरून कचराभूमीत, आणि वाटेत त्यानं चांगला मालही खराब केला.

पट्टेवाला

नावावरून गैरसमज नको, मी कुठल्या कचेरीत शिपाई नाही. दोन वर्षं एका वर्गीकरण केंद्रात सरकपट्ट्यावर देखरेखीचं काम केलं, म्हणून पट्टेवाला. केंद्राचं नाव सांगत नाही, विचारू नका.

आधी आत काय होतं ते सांगतो, म्हणजे अर्धा वाद आपोआप मिटेल.

गाडी फरशीवर ढीग ओतते. लोडर तो ढीग पट्ट्यावर चढवतो. पहिल्या टप्प्यावर माणसं उभी असतात, ती नको ते काढतात: पिशव्या, दोरखंड, बागेतली पाण्याची नळी, खेळणी, कपडे, एकदा तर अख्खी ट्रॉलीबॅग. पुढे फिरत्या चकत्यांची चाळणी. मोठा पुठ्ठा वरून तरंगत जातो, बाकीचं खाली पडतं. त्यानंतर बारीक चाळणी, साधारण पाच सेंटिमीटरपेक्षा लहान जे काही असेल ते खाली गळतं. काचेचे तुकडे तिथेच जातात.

मग येतो खरा खेळ. उरलेल्या मालातून 'चपटं' आणि 'फुगीर' वेगळं करायचं. तिरप्या, थडथडणाऱ्या फळ्या असतात. कागद चपटा, तो वर चढत जातो. बाटल्या-डबे गडगडत खाली येतात. यंत्राला कागद काय आणि प्लास्टिक काय हे या टप्प्यावर कळत नाही. त्याला फक्त आकार कळतो.

फुगीर मालातून चुंबक लोखंड ओढून घेतं. त्यानंतर डोळेवाली यंत्रं. पट्टा सेकंदाला अडीच-तीन मीटर वेगानं पळत असतो, वरून अवरक्त प्रकाश पडतो, आणि परावर्तित प्रकाशावरून यंत्र ठरवतं की हे पेट (पाण्या-सरबताच्या बाटल्यांचं प्लास्टिक), हे एचडीपीई (दुधाच्या जाड बाटल्यांचं), हे पीपी (झाकणांचं). ठरलं की पट्ट्याच्या टोकाला नेमक्या क्षणी हवेचा झोत सुटतो आणि बाटली पलीकडच्या खणात उडते. अॅल्युमिनियमला एडी करंट, म्हणजे फिरत्या चुंबकानं धातूत वीज उठवून त्याला बाजूला ढकलायचं. शेवटी पुन्हा माणसं, आणि मग दाबून गठ्ठे.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर. नुसत्या प्लास्टिकच्या बाटल्यांपुरतं बोलायचं तर एकाच डब्यानं तितकंसं वाटोळं होत नाही. बाटली टणक, पोकळ, फुगीर, ओळखायला सोपी. रद्दीत लोळली तरी धुऊन निघते. वाटोळं होतं ते कागदाचं, आणि त्याला कारण बहुतेक वेळा बाटलीतला उरलेला द्रव. प्लास्टिकच्या अंगावर जे शेकतं ते वेगळ्याच गोष्टींमुळे. जेवून येतो आणि लिहितो.

शंकासुर

बरोबर रंगात आल्यावर जेवायला गेले.

जुनीवही

तोवर माझी भर. आम्ही बाटल्या पायाखाली चेपूनच टाकतो. जागा वाचते, गाडीत जास्त मावतात. हा तरी चांगुलपणा धरा पदरात.

पट्टेवाला

आलो. आणि आल्या आल्या जुनीवहीताईंचं मन मोडावं लागतंय.

वर काय लिहिलं? यंत्राला आकार कळतो. पायाखाली चेपलेली बाटली चपटी. चपटी म्हणजे कागद. ती रद्दीसोबत वर चढून जाते. कागदाच्या ओळीवर कुणी टिपली तर टिपली, नाहीतर कागदाच्या गठ्ठ्यात. कागद गिरणीत लगदा होताना ती गाळ म्हणून निघते आणि फेकली जाते. तुम्ही प्रामाणिकपणे डब्यात टाकलेली, चांगल्या पेटची बाटली.

म्हणून एक डबा असेल तिथे चेपू नका, असं केंद्रवाले कंठशोष करून सांगतात. दोन प्रवाह असतील, बाटल्यांचा डबा स्वतंत्र असेल, तर खुशाल चेपा, तिथे कागदाशी गल्लत व्हायचा प्रश्न नाही. सांगायचं एवढंच की डबा एक की दोन यावर घरातली 'चांगली सवय' उलटी होते, आणि हे घरापर्यंत कुणी पोचवत नाही.

गाडीतसुद्धा हेच. एकडबा पद्धतीत माल दाबून भरायचा मोह होतो, फेऱ्या वाचतात ना. जास्त दाबला की बाटल्या चपट्या, काच फुटून प्लास्टिकात रुतलेली, ओला कागद बाटलीला चिकटलेला. गाडीत वाचवलेले पैसे केंद्रात दामदुपटीनं जातात. चांगले ठेकेदार दाब कमी ठेवतात. सगळे चांगले नसतात.

जुनीवही

अरे देवा. पंधरा वर्षं चेपतेय.

खुरपं

पंधरा वर्षांची बाटल्यांची फौज रद्दीत घातलीत ताई 😄

पट्टेवाला

चेष्टा नको. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट पिशव्यांची. पातळ पिशवी फिरत्या चकत्यांच्या दांड्याला गुंडाळली जाते. एक, दोन, शंभर. चकत्यांमधल्या फटी बुजतात, चाळणी चाळेनाशी होते, कागद आणि बाटल्या एकत्रच पुढे जायला लागतात. मग सगळी ओळ बंद करायची, वीज तोडून कुलूप लावायचं, आणि माणसांनी सुऱ्या घेऊन आत उतरायचं. आम्ही रोज उतरायचो. दांड्याभोवती मांडीएवढा जाड वेढा असायचा, दगडासारखा घट्ट. एकडबा पद्धतीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण विचाराल तर माझं उत्तर घाण बाटली नाही, पिशवी. त्यातही लोक काय करतात, तर सगळा चांगला माल पिशवीत भरून, गाठ मारून टाकतात. पट्ट्यावरच्या माणसाकडे ती सोडायला वेळ नसतो. आत सुई आहे की काय आहे कुणास ठाऊक, म्हणून गाठ न सोडता बाजूला फेकतात.

टिपकागद

पट्टेवाला, माहितीबद्दल आभार, पण मला यात एकडबा पद्धतीचा दोष दिसत नाही. हा 'काय टाकायचं ते नीट न सांगण्याचा' दोष आहे. पिशव्या पाच डब्यांच्या पद्धतीतही येतातच की.

मी उलट बाजूनं भांडतो. घरी निवडण्याचं गुणगान करणारे नेहमी जपानमधल्या कामिकात्सुचं उदाहरण देतात. २००३ मध्ये त्यांनी शून्य कचऱ्याची घोषणा केली, लोक ४५ च्या आसपास प्रकारांत कचरा निवडतात, आणि सुमारे ८० टक्के पुनर्वापराला जातो. कौतुकच आहे. पण ते दीड हजाराच्या आतबाहेर वस्तीचं डोंगरातलं गाव आहे, लोक स्वतः केंद्रावर कचरा आणून देतात, तिथे एकमेकांना सगळे ओळखतात. वीसमजली इमारतीतल्या चारशे बिऱ्हाडांना ४५ डबे द्या आणि बघा. एका माणसानं सगळं कोंबलं की बाकीच्या तीनशे नव्व्याण्णवांची मेहनत पाण्यात, आणि कुणी कोंबलं ते कळणार नाही.

यंत्र दमत नाही, रुसत नाही, रविवारी सुट्टी मागत नाही. ते एकदा नीट बसवलं की लाखो घरांच्या आळसावर उतारा मिळतो.

सुतळीतोडा

यंत्र रुसत नाही? वर पिशव्यांचा किस्सा परत वाचा.

आणि एक डबा विरुद्ध ४५ डबे अशी लढत लावून जिंकणं सोपं आहे. खरी तुलना एक विरुद्ध दोन किंवा तीन अशी आहे. वेल्समध्ये बऱ्याच ठिकाणी दारातच निवडून वेगवेगळ्या कप्प्यांच्या गाडीत भरतात, आणि पुनर्वापरात तो देश जगातल्या पहिल्या काहींत गणला जातो. तिथेही इमारती आहेत, आळशी माणसंही असतील. दारात निवडण्याचा एक फायदा असा की चुकीची वस्तू तिथल्या तिथे टोपलीत परत ठेवता येते, चिठ्ठी लावून. एकडब्यात चूक कुणाची ते केंद्रात पोचल्यावर कळून काय उपयोग?

टिपकागद

वेल्सचा मुद्दा मान्य. चिठ्ठीचा तर एकदम मान्य. ४५ चं माघारी घेतो.

रसायनी

उशिरा आले. केंद्रातून गठ्ठा निघाल्यावर पुढे काय, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझं काम प्लास्टिकच्या चाचण्यांचं.

लोक 'प्लास्टिक' म्हणतात जसं काही ते एकच द्रव्य आहे. वेगवेगळी प्लास्टिकं एकमेकांत मिसळत नाहीत, तेल आणि पाण्यासारखी. एकत्र वितळवली तर गार झाल्यावर जोड कच्चा राहतो, वस्तू ठिसूळ होते. म्हणून निवड ही सोय नाही, गरज आहे.

पेटचा गठ्ठा आला की फोडतात, बाटल्या दळून फ्लेक्स (बारीक कपचे) करतात, कढत पाण्यात कॉस्टिक सोडा घालून धुतात, डिंक आणि लेबलं निघतात. मग पाण्याची टाकी. पाण्याची घनता १, पेटची १.३८ च्या आसपास, ते बुडतं. झाकणं पीपी किंवा एचडीपीईची, ०.९० ते ०.९६, ती तरंगतात. वरची मलई काढावी तशी वरून काढून घ्यायची. फार सुंदर व्यवस्था आहे, पाणीच निवडून देतं.

पण पीव्हीसी. त्याची घनता १.४ च्या आसपास, तेही बुडतं. पाण्याला दोघांतला फरक कळत नाही. आणि पेट वितळवायला २६० अंशांच्या वर जावं लागतं, तोवर पीव्हीसी कधीच जळून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायला लागलेलं असतं. ते आम्ल पेटच्या साखळ्या तोडतं, माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. किती पीव्हीसी लागतं? टनाला शंभर ग्रॅमसुद्धा पुरे. एका टनात एखाददुसरी बाटली आली तरी वास यायला लागतो.

जिन्नस जितके जास्त एकत्र आणाल तितकी असा पाहुणा शिरण्याची शक्यता जास्त. एकडब्याबद्दल माझा आक्षेप तेवढ्यापुरता. काचेचा बारीक चुरा हा दुसरा. काच बुडते, म्हणजे पेटबरोबरच जाते. वितळलेल्या पेटच्या गाळणीत अडकते, यंत्रातला स्क्रू झिजवते. काच वेगळी घेतली तर प्लास्टिकवाले सुखानं झोपतील. एक डबा ठेवायचाच असेल तर काच तरी बाहेर काढा.

बोळकं

रसायनीताई, सुरेख. नवरा वाचतोय शेजारी, काच बाहेर काढायला तयार आहे म्हणे. माझी अर्धी बाजू जिंकली.

शंकासुर

दुसरी शंका. मग तळाशी त्रिकोणात आकडा असतो तो बघून निवडायचं ना? १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई वगैरे.

रसायनी

नाही हो. त्या त्रिकोणानं जितका घोळ घातलाय तितका कुणीच घातला नसेल. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगानं ते आकडे आणले, कुठलं रेझिन (प्लास्टिकचा प्रकार) आहे एवढं ओळखायला. भोवती फिरते बाण काढले आणि जगाला वाटलं, बाण आहेत म्हणजे हे पुनर्वापराचं. २०१३ मध्ये मानक बदलून बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आणला, पण साचे बदलायला खर्च येतो, जुने बाण अजून फिरतायत. कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये कायदाच केला की खरोखर गोळा होऊन पुनर्वापर होत नसेल तर ते बाण छापायचे नाहीत.

आकडा १ असूनही बाटली आणि पातळ पारदर्शक खोकं यांत फरक असतो. खोकं दळताना जास्त भुगा होतो. रेझिन तेच, वागणूक वेगळी. म्हणून आकडा बघू नका, आकार बघा: बाटल्या, बरण्या, डबे.

चकणा

मी पॅकेजिंगच्या डिझाइनमध्ये आहे. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

काळे ट्रे. त्यांचा काळा रंग बहुतेक वेळा काजळीचा असतो, आणि काजळी अवरक्त प्रकाश गिळून टाकते. परत काही येतच नाही. यंत्राच्या लेखी तिथे पट्टा आहे, वस्तू नाही. काळ्या पट्ट्यावर काळा ट्रे अदृश्य होऊन सरळ रेट्यानं कचऱ्यात. वर्षानुवर्षं आम्ही ते वापरले, कारण काळ्यावर माल उठून दिसतो, शिवाय रंगीबेरंगी भंगार प्लास्टिक काळ्यात खपून जातं. आता यंत्राला दिसणारे काळे रंग आलेत, थोडे महाग पडतात.

दुसरं पाप बाटलीला वरपासून खालपर्यंत घातलेला प्रिंटचा सदरा. यंत्र सदऱ्याकडे बघतं, आतल्या अंगाकडे नाही. आत एचडीपीई आणि बाहेर वेगळंच काही, म्हणजे बाटली चुकीच्या खणात.

यात घरच्या माणसानं डबा कुठला वापरला याला काडीचा अर्थ नाही. पाच डबे ठेवा, तो ट्रे तरी तसाच जाणार.

खुरपं

हेच म्हणतोय मी कधीपासून! आपण इथे चेपायचं की नाही यावर रात्र जागवतोय आणि तिकडे कंपन्या मजेत. २०१७ मध्ये गेयर, जॅम्बेक आणि लॉ यांचा अभ्यास आला होता. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं, त्यातलं ६३० कोटी टन कचरा झालं आणि त्या कचऱ्यापैकी पुनर्वापर झाला सुमारे ९ टक्क्यांचा. नऊ! डब्यांची संख्या मोजत बसणं म्हणजे आभाळ फाटलंय तिथे ठिगळाचा रंग निवडणं. पुनर्वापर हेच थोतांड आहे.

सुतळीतोडा

नऊ टक्के हा सगळ्या प्लास्टिकचा आकडा, पाइप, धागे, गाड्यांचे भाग सगळं धरून. बाटल्यांचं वेगळं काढलं तर चित्र इतकं काळं नाही. सगळ्याला एका काठीनं हाकू नका.

खुरपं

चित्र काळं आहे म्हणूनच यंत्राला दिसत नाही 😉

शंकासुर

हा हा. +१

बरं, चीनचं काय झालं होतं? २०१८ मध्ये भेसळीची मर्यादा ०.५ टक्के केली म्हणून हे सगळं कोसळलं असं वाचलेलं आठवतंय.

सुतळीतोडा

थोडी दुरुस्ती. घरगुती कचऱ्यातल्या प्लास्टिकवर १ जानेवारी २०१८ पासून थेट बंदीच आली. अर्ध्या टक्क्याची अट ज्या मालाला आत यायची परवानगी उरली होती त्याला लागली. पण मुद्दा तोच. १९९२ पासून जगात जेवढा प्लास्टिक कचरा आयात झाला त्यातला सुमारे ४५ टक्के एकट्या चीननं घेतला होता. म्हणजे एकडबा पद्धतीची भरभराट झाली त्या सगळ्या काळात तिच्या पाठीशी एक खरेदीदार उभा होता, जो कसाही माल उचलत होता आणि स्वस्त हातांनी पुन्हा निवडत होता.

मला वाटतं या पद्धतीचा खरा हिशेब तिथेच उघडा पडला. 'यंत्र निवडतं' असं सगळे म्हणत होते. पेट आणि एचडीपीई यंत्रं निवडत होती, हे खरं. बाकीचं, ज्याला तळाच्या आकड्यांवरून धंद्यात 'तीन ते सात' म्हणतात, ते एकत्र बांधून जहाजात चढत होतं. ते निवडलेलं नव्हतंच, लांब पाठवलेलं होतं. दार बंद झाल्यावर तो माल मलेशिया, थायलंड, व्हिएतनामकडे वळला, तिथेही ओरड झाली, मलेशियानं कंटेनर परत पाठवले. मग घातक कचरा देशाबाहेर पाठवण्यावरच्या बाझल करारात दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०२१ पासून घाण, मिसळलेला प्लास्टिक कचरा पाठवायचा तर घेणाऱ्या देशाची आधी संमती लागते.

त्यानंतर बऱ्याच शहरांनी गपचूप यादी छोटी केली. आधी 'सगळं प्लास्टिक टाका', आता 'फक्त बाटल्या, बरण्या आणि डबे'. लोकांना वाटलं पुनर्वापर कमी झाला. तो आधीही तेवढाच होता.

पट्टेवाला

सुतळीतोडा, शेवटचं वाक्य अगदी खरं.

आम्ही एका शब्दावर वैतागायचो: 'असू दे, बघतील ते'. टाकणारा असं म्हणून टाकतो. डायपर, सिरिंज, फुटका बूट, विजेची वायर. त्याच्या मनात पाप नसतं, उलट पुण्य मिळवायचं असतं. मोठा, रिकामा, झाकणाचा डबा ही भाबडी आशा पोसतो. छोटी उघडी टोपली असती तर तोच माणूस बूट टाकताना ओशाळला असता. एकडब्यावर माझी एकच खरी तक्रार असेल तर ही.

टिपकागद

मग बाटल्या बाहेरच काढा ना. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्यांवर अनामत आहे (बाटली परत दिली की पैसे परत), नॉर्वेतही आहे, नव्वद टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात. स्वच्छ, एकाच प्रकारच्या, लगेच पुन्हा बाटली होण्याजोग्या. युरोपीय संघानंही २०२९ पर्यंत ९० टक्के बाटल्या वेगळ्या गोळा करायचं बंधन घातलंय. डबा एक की दोन हा वादच संपतो.

पट्टेवाला

संपत नाही, सरकतो. केंद्राचा रोजचा खर्च निघतो तो पेटच्या बाटल्या, दुधाच्या एचडीपीई बाटल्या आणि अॅल्युमिनियमच्या डब्यांवर. पाण्या-सरबताच्या बाटल्या आणि डबे अनामतीवर परत गेले की पट्ट्यावर उरतं काय? ट्रे, कप, पिशव्या, ओला कागद. साय काढून घेतल्यावर ताक विकायला बसल्यासारखं. केंद्रवाले अनामतीला विरोध करतात तो निव्वळ हटवादीपणानं नाही.

तरी माझं मत विचाराल तर अनामत आणा, आणि केंद्राचा तोटा पॅकेजिंग बनवणाऱ्यांकडून भरून घ्या. चकणासाहेब, तुमच्याकडे बघतोय.

चकणा

बघा, बघा. आमच्या वरच्यांना पटवून दाखवलंत तर सदरा मीच काढीन.

जुनीवही

पट्टेवाला, एक शेवटचं विचारते, मनाला लागून राहिलंय. झाकण काढून टाकायचं की लावून? इतकी वर्षं काढून वेगळं टाकत होते.

पट्टेवाला

बाटली पूर्ण रिकामी करा, एकदा विसळा, झाकण घट्ट लावा, न चेपता टाका. सुटं झाकण पाच सेंटिमीटरच्या चाळणीतून काचेबरोबर गळून जातं, म्हणजे गेलंच. लावलेलं असलं तर बाटलीबरोबर प्रवास करतं आणि रसायनीताईंच्या टाकीत तरंगून वेगळं होतं. युरोपात ३ जुलै २०२४ पासून झाकण बाटलीला जोडलेलंच असावं लागतं, ते मुख्यतः उघड्यावर पडू नये म्हणून, पण इकडेही फायदाच.

मात्र अर्धी भरलेली बाटली झाकण लावून टाकू नका. जड बाटली हवेच्या झोतानं उडत नाही, जागच्या जागी पडते आणि कचऱ्यात जाते. आणि चुकून गठ्ठ्यात पोचली तर दाबताना फटाक्यासारखी फुटते. मी न्हालोय त्यात. वास तीन दिवस गेला नव्हता.

जिथे झाकणं वेगळी मागतात तिथे अर्थात तिथलं ऐका. जपानमध्ये बाटली, झाकण आणि लेबल वेगवेगळं करून घेतात, कारण पुढची साखळी त्यावर बेतलेली आहे.

रसायनी

+१. आणि विसळायला गरम पाणी, साबण यांत वेळ घालवू नका. घरी चकाचक करायची गरज नाही, वास येणार नाही आणि बाजूचा कागद भिजणार नाही इतपत पुरे.

शंकासुर

तिसरी शंका. बॅटऱ्या?

पट्टेवाला

कुठल्याच डब्यात नाही! एक, दोन, पाच, कुठल्याच नाही. लिथियमची बॅटरी गाडीत किंवा लोडरखाली चेपली गेली की पेट घेते, आणि भोवती काय असतं, तर कागद आणि प्लास्टिक. माझ्या दोन वर्षांत चार वेळा आग लागली. एकदा अख्खी ओळ आठवडाभर बंद होती.

बोळकं

सगळा धागा नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे बाटल्यांपुरतं मीच बरोबर." मी म्हटलं, "पिशव्यांचा परिच्छेद परत वाच."

आत्ता बाहेर जाऊन डबा उपसतोय. गाठी मारलेल्या सहा पिशव्या निघाल्या, सगळ्या त्यानंच टाकलेल्या. चौथीत गेल्या महिन्यापासून हरवलेला टीव्हीचा रिमोट सापडला. बॅटऱ्यांसकट.